राखणदाराचे चार गुण

शनिवार, १ मार्च १९९७
दोगोन-मार्के

आज गाडीतून उतरलो आणि पाच मिनिटांत गुलाम झालो.

थांब्यावर एक बाई चवळीची भजी तळत होती. "कुठले तुम्ही?" तिनं विचारलं. "मारादीचा," मी म्हणालो. बस्स. हातातला झारा तसाच उगारून ती ओरडली, "अगं, कात्सीनावाला आहे! आपला पळालेला गुलाम परत आला गं!" चार-पाच बाया धावत आल्या. एकीनं माझी पिशवी काढून घेतली, दुसरीनं दात बघायचेत म्हणून तोंड उघडायला सांगितलं. भजीवाली माझ्याभोवती एक चक्कर मारून म्हणाली, "दात बरे आहेत. पाय मात्र नुसत्या काड्या. शेतावर नाही चालायचा. भांडी घासायला ठेवू."

आम्ही मारादीचे लोक मूळचे कात्सीनाचे, हे गाव गोबीरवाल्यांचं, आणि आम्हा दोघांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं थट्टेचं नातं. एकमेकांना गुलाम म्हणायचं, हातातलं हिसकावून घ्यायचं आणि रागवायचं मात्र कुणीच नाही. माझे आजोबा असते तर त्यांनी तिथल्या तिथं तिचीच किंमत विचारली असती आणि वर 'एवढी? हिचं तर वयही झालंय' म्हणून घासाघीस केली असती. मला असलं वेळेवर सुचत नाही. मी वनखात्याचा तंत्रज्ञ आहे. मी फक्त म्हणालो, "बाई, माझी पिशवी." त्यावर त्या अजूनच हसल्या. भजीवालीचं नाव जूजी, म्हणजे उकिरडा. नाव ठेवणाऱ्याला दूरदृष्टी होती.

ही वही बायकोनं, रशीदानं, निघताना दिली. "तुमची कुरकुर ऐकायला तिथं मी नसेन, हिला सांगा," म्हणाली. सांगतो आहे.

सोमवार, ३ मार्च

चौदा नंबरची ओळ पाहिली. तीनशे सोळा कडुनिंब, एकवीस वर्षांचे, वाऱ्याला आडवे उभे. त्यांच्या मागे अख्ख्या गावाची बाजरी. पुढे वाळू.

खोऱ्यातले कडुनिंब गेली काही वर्षं वरून झडताहेत. फांदी उघडी पडते आणि टोकाला तेवढा पानांचा झुबका राहतो. जिराफाची मान म्हणतो आम्ही त्याला. माझं काम असं: प्रत्येक झाडाला नंबर द्यायचा, गुण द्यायचे आणि एकोणीस तारखेपर्यंत यादी बूझाच्या कचेरीत पोचवायची. आठपैकी तीन किंवा कमी गुण पडले तर खोडावर लाल पट्टा. शंभरातली साठ झाडं लाल निघाली तर ओळीत जीव उरलेला नाही असं धरायचं आणि ती मुळापासून काढून नवी रोपं लावायची. रोपांना वारा अडवता यायला सहा-सात वर्षं लागतात. तोवर वाळू कुणाच्या परवानगीसाठी थांबणार नाही.

आठपैकी चार गुण माझ्या डोळ्याचे, चार राखणदाराच्या सांगण्याचे. हे मला पटतं. मार्चमध्ये कडुनिंब सगळाच बोडका असतो, धडधाकट कोण आणि आजारी कोण ते कळत नाही. पावसात तो कसा होता हे वर्षभर जवळ राहणाऱ्यालाच माहीत.

राखणदार म्हणजे इथं एक म्हातारी आहे. गोग्गो तानी. गोग्गो म्हणजे आत्या, सगळा गाव तिला आत्याच म्हणतो. नवरा माझू या ओळीचा राखणदार होता. तो वारला, त्याची काठी हिनं उचलली. नऊ वर्षं झाली. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नाही. जूजी तिची मुलगी, हे कळल्यावर मी मनाची तयारी केली. ती कमी पडली.

मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून गोग्गो म्हणाली, "ही बाजरीची काडी माझी झाडं तपासणार? वारा आला तर आधी हिलाच बांधून ठेवावं लागेल."

मंगळवार, ४ मार्च

चाळीस झाडं झाली. बाई तोंडाची फटकळ, पण कामाला चोख. एकाही झाडाशी थांबून विचार करत नाही.

नऊ नंबर. जाड बुंधा, डोळ्यानं मी दोन गुण दिले.

"गोग्गो, हे पावसात कसं होतं?"

"हे? मेलं हे. कामातून गेलं. पुढं चल, त्याच्याकडे बघत उभा राहू नकोस."

बारा नंबर. साल सुटलेली. मी पुन्हा दोन दिले.

"याला उतार आहे," ती हळूच म्हणाली आणि खोडावरून हात फिरवला. "उतार आहे हो. होईल बरं."

नऊ नंबरला राखणदाराचा शून्य, बारा नंबरला तीन. स्वतः वाढवलेल्या झाडाला तोंडावर मेलं म्हणायला धैर्य लागतं. आमच्या कचेरीत इतकी निःपक्षपाती माणसं असती तर मला बढती केव्हाच मिळाली असती.

शुक्रवार, ७ मार्च

दुपारी गोग्गोनं भोपळ्याच्या भांड्यातून फुरा पाठवला. "नासलेला आहे, कुत्र्यानं तोंड लावलं नाही म्हणून याला दिला," असा निरोप. इतकं गोड दही आणि इतके मऊ बाजरीचे गोळे मी रशीदाच्या हातचेही खाल्लेले नाहीत. (रशीदा, तू ही वही वाचलीस तर हे वाक्य वाऱ्यावर सोडून दे.) इतकी सुगरण बाई स्वतःच्या हाताला नावं का ठेवते, हे मला समजत नाही.

जूजीला सात महिन्यांची जुळी आहेत. भांडं परत द्यायला गेलो तेव्हा अंगणात लोळत होती. मी म्हणालो, "वा, काय गुटगुटीत पोरं आहेत!" गोग्गो जागची उठली, दोन्ही पोरं दोन काखांत घेतली, "कसली गुटगुटीत, बेडकं आहेत बेडकं," असं पुटपुटली आणि आत गेली ती बाहेर आलीच नाही. दृष्ट! मी शिकलेला माणूस, माझ्या डोळ्यात कुठून आली दृष्ट? पण खेड्यात हे चालायचंच. जूजी पोट धरून हसत होती.

मंगळवार, ११ मार्च

आज दिवसभर वारा. उत्तरेकडून धूळ अशी आली की दहा पावलांवरची शेळी दिसेना. मी ओळीच्या पुढच्या बाजूला मोजमाप करत होतो. कागद फाटला, डोळे भरले, टोपी गेली. गोग्गोनं हाताला धरून ओढत ओळीच्या मागे नेलं.

मागे शांत होतं. वर झाडं घोंघावत होती आणि खाली माझ्या पायाशी एक कोंबडी पिलांना घेऊन उकरत होती. जूजी तिथंच चूल मांडून भजी तळत होती, जाळ सरळ उभा. तिथं बसून मी आठ भजी खाल्ली आणि मला काय झालं कुणास ठाऊक, विनाकारण आनंद झाला. मोठ्यानं हसू आलं. जूजी आईला म्हणाली, "गुलामाला वारा लागला."

मग बाकीच्या वेळेत मी यादी काढून बेरीज करत बसलो आणि आनंद कमी झाला.

शनिवार, १५ मार्च

शेवटचं झाड झालं. तीनशे सोळापैकी दोनशे एक लाल. शंभरात साठाच्या वर.

तीन वेळा बेरीज केली. दोनशे एकच. ओळ जाणार.

गोग्गोला सांगता येत नाही. साहेबांची सही होईपर्यंत निकाल फोडायचा नाही असा नियम आहे. पट्टे ओढत होतो तेव्हा ती विचारायला आली, "हे लाल कशाला?" मी म्हणालो, "सरकारी खूण." ती खूष झाली. "बरं केलंस. लाल असलं की नजर बसत नाही. त्या पलीकडच्या मेल्याला जरा जाड ओढ." मी जाड ओढला. मला स्वतःची लाज वाटली, पण कशाची ते नीट सांगता येत नाही. काम मी चोख केलं आहे.

बुधवार, १९ मार्च

यादीखाली गोग्गोचा अंगठा घेतला. "काय लिहिलंय?" तिनं विचारलं. "तुम्ही सांगितलं तेच," मी म्हणालो. यादी बूझाला पाठवली. मला तोड संपेपर्यंत इथंच राहायला सांगितलं आहे.

मंगळवार, २५ मार्च

सही झाली. तोडणारी टोळी १ एप्रिलला येते. रात्री जेवलो नाही.

गुरुवार, २७ मार्च

मी गाढव आहे. हे वाक्य मी सावकाश, चांगल्या अक्षरात लिहितो आहे.

सकाळी दात घासायला निंबाची काडी तोडावी म्हणून ओळीकडे गेलो. नऊ नंबरच्या फांदीला हात घातला आणि तसाच थांबलो. फांदीभर पालवी. तांबूस, चकाकणारी, रात्रीतून फुटलेली. खाली लाल पट्टा. पुढचं लाल झाड बघितलं, तेही पालवलेलं. त्याच्या पुढचं, तेही. मी पळत सुटलो. जिथं जिथं माझा लाल पट्टा, तिथं तिथं पालवी. आणि बारा नंबर, ज्याला 'उतार' होता? खराटा. चोवीस नंबर? खराटा. नखानं साल खरवडली तर आत तपकिरी, कोरडं.

ओळ जिवंत होती. मी तिला मेलेली म्हणून सही करून घेतली होती.

गोग्गोच्या अंगणात जाऊन मी ओरडलोच. "तुम्ही मला खोटं का सांगितलंत? नऊ नंबर मेलाय म्हणालात, तो पालवलाय!"

"ओरडू नकोस," ती दबक्या आवाजात म्हणाली. "मेलाच आहे तो."

"गोग्गो, डोळ्यांनी बघून आलो!"

"म्हटलं ना, मेलाय!"

जूजीनं झारा खाली ठेवला. पहिल्यांदाच ती हसत नव्हती. "गुलामा, माझं नाव काय?"

"जूजी."

"म्हणजे?"

"उकिरडा."

"मी उकिरडा आहे?"

"नाही," मी म्हणालो.

"माझ्या आधीची चार गेली. मी झाले तेव्हा बापानं मला उकिरड्यावर नेऊन ठेवलं आणि शेजारणीनं उचलून आणलं. टाकून दिलेल्या पोरीला कोण नेणार? म्हणून मी आहे. आणि आजारी माणसाबद्दल कुणी विचारलं तर काय सांगतात तुमच्या मारादीत? 'मरतोय' म्हणून सांगतात का?"

उतार आहे. शेवटच्या घटकेलासुद्धा उतार आहे म्हणतात. माझी आई गेली त्या सकाळी मी स्वतः दारात उभा राहून दहा जणांना तेच सांगितलं होतं. माझ्या सख्ख्या काकाचं नाव बाराऊ, म्हणजे 'उरलेला', कारण त्याच्या आधीचे उरले नव्हते. सगळं मला माहीत होतं. फक्त माणसांचं तेच झाडांचंही असू शकेल हे डोक्यात आलं नाही, कारण डोक्यात तक्ता होता.

मग मला सांगावं लागलं. लाल पट्टा म्हणजे काय ते, आणि मंगळवारी कोण येणार ते. गोग्गो भिंतीला टेकून खाली बसली.  एवढंच म्हणाली, "मी जाड ओढायला सांगितलं होतं."

शुक्रवार, २८ मार्च

बूझाला जाऊन आलो. सालिसू साहेबांसमोर उभं राहून सगळं सांगितलं. ते माझ्यासारखेच मारादीचे, पण कचेरीत कधी हसलेले कुणी पाहिले नाहीत. म्हणाले, "हबू, खाली राखणदाराचा अंगठा आहे. तिनंच झाडागणिक उलट सांगितलं, माझ्यासमोर, तर बदलतो. तू सांगून नाही."

"मग तुम्ही या, साहेब."

"बुधवारी येईन."

"टोळी मंगळवारी येतेय!"

"मग तिला एक दिवस थांबव," ते म्हणाले आणि दुसरी फाईल ओढली. मी कोण थांबवणार? ठेका कागदावर आहे.

आणि अडचण तेवढीच नाही. संध्याकाळी गोग्गोला विचारलं, साहेबांसमोर खरं सांगाल ना? तिनं मान हलवली. नाही.

"एकदाच सांगितलं होतं," ती म्हणाली. "चौथा मुलगा. तीन वर्षांचा झाला होता. एका बारशाला मी सगळ्यांसमोर म्हटलं, बघा माझं लेकरू, कसं वाघासारखं चालतंय. आठ दिवसांत गेलं. त्यानंतर मी कशालाच चांगलं म्हटलेलं नाही. पोरीला नाही, जुळ्यांना नाही, झाडांना नाही. म्हणून तर उभी आहेत सगळी. आता मी तोंड उघडू? आणि जुळ्यांना काही झालं तर?"

मी दृष्ट मानत नाही. पण तिच्यासमोर ते म्हणायची माझी छाती झाली नाही.

मंगळवार, १ एप्रिल

हे मी सुजलेल्या मनगटांनी लिहितो आहे आणि माझं हसू थांबत नाही.

टोळी सकाळीच आली. बारा माणसं, करवती, ट्रक. मी त्यांना अडवायला पुढे झालो तोच मागून गलका झाला. जूजी आणि गावातल्या वीसेक बाया माझ्यावर तुटून पडल्या. "पळाला गं पळाला! धरा गुलामाला!" काही कळायच्या आत मला पहिल्या झाडाला पाठ लावून उभं केलं आणि ताडाच्या दोरीनं छातीपासून गुडघ्यापर्यंत गुंडाळलं. कल्पना कुणाची ते अजून कुणी कबूल करत नाही. सकाळी गोग्गोच्या अंगणात दोरी भिजत घातलेली दिसली होती, ती बहुधा शेळ्यांसाठी.

मुकादम पुढे आला. "हे काय चाललंय?"

"आमचा गुलाम," जूजी म्हणाली. "कात्सीनाचा. पळून चालला होता. याची सोडवणूक होईपर्यंत या ओळीतली काडी हलवायची नाही."

"बाई, माझ्याकडे ठेका आहे."

"तुम्ही कुठले?"

मुकादमानं आमच्याकडे बघितलं, मग ट्रककडे. मिशीतून एकदम हसू फुटलं. "गोबीरचा," तो म्हणाला.

झालं! गोबीरच्या माणसानं गोबीरच्या बायांचा गुलाम सोडवायचा म्हणजे सात पिढ्यांचं नाक कापायचं. त्यानं करवती खाली ठेवायला लावल्या, झाडाखाली चटई टाकली, चहाची किटली मागवली आणि माझ्याकडे बोट करून टोळीला म्हणाला, "चांगला बांधलाय. असा कात्सीनावाला मी पुष्कळ दिवसांत पाहिला नाही."

आणि तेव्हा मला सुचलं. आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर सुचलं. "कसला चांगला?" मी ओरडलो. "गोबीरच्या लोकांना साधी गाठ मारता येत नाही! माझी पाठ सुटतेय इकडे! अहो, कुणीतरी कात्सीनाहून माणूस बोलवा, मला नीट बांधायला!"

बायांनी आरोळ्या ठोकल्या. जूजी हसता हसता खाली बसली. टोळीतल्या एकानं येऊन मला स्वतःच्या पेल्यातला चहा पाजला. आजोबा कुठं असतील तिथं त्यांनी मांडीवर थाप मारली असेल.

सोडवणूक फक्त कात्सीनावालाच करू शकतो. बूझाला निरोप गेला: तुमचा माणूस पकडला गेलाय. दुपार कलली तेव्हा साहेबांची जीप आली. ते उतरले, माझ्याकडे पाहिलं, दोरीकडे पाहिलं, चहा पिणाऱ्या टोळीकडे पाहिलं. 

"किती मागता याचे?" साहेबांनी विचारलं.

"काय देता?" जूजी म्हणाली.

"याचे? चघळायला चार कोलाची फळं. तीही जुनी."

म्हणजे साहेबांनाही आजोबा होते!

"फळं नकोत," जूजी म्हणाली. "उद्याचा दिवस द्या. झाडागणिक ऐकायचं. मध्ये उठायचं नाही."

साहेबांनी दिला. मग मला सोडलं. गोग्गो या सगळ्या वेळात घरातून बाहेर आली नव्हती.

बुधवार, २ एप्रिल

आज जे झालं ते लिहायला ही वही पुरणार नाही, पण लिहितो.

सकाळी साहेब खुर्ची घेऊन ओळीच्या सुरुवातीला बसले. मी कोरा तक्ता घेऊन उभा. मुकादम आणि टोळी मागे, गाव त्यांच्या मागे. गोग्गो येईल की नाही कुणालाच माहीत नव्हतं. जूजीसुद्धा ओठ चावत होती.

ती आली. पांढरा धुतलेला कपडा नेसून, माझूची काठी घेऊन. जूजीला म्हणाली, "पोरांना घरात ने. दार लाव. माझा आवाज जाता कामा नये." जूजी गेली.

पहिल्या झाडापाशी ती थांबली. साहेबांनी विचारलं, "हे कसं आहे?" तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं.  मला वाटलं, नको, राहू दे, असं म्हणावं. मग तिनं खोडावर तळवा टेकला आणि कुजबुजली, "चांगलं आहे."

म्हणाली आणि लगेच मान वळवून घराकडे बघत राहिली. आम्ही सगळेच बघत राहिलो. दार बंद होतं. एका शेळीशिवाय काही हललं नाही. मग आतून जुळ्यांपैकी एकाचा आवाज आला, भुकेल्या पोराचा, चांगला खणखणीत.

गोग्गोनं श्वास सोडला. दुसऱ्या झाडाशी गेली. "हेही चांगलं." तिसऱ्याशी, "हे फार चांगलं." नऊ नंबरशी ती थांबली. "याला पाच वर्षांपूर्वी वादळानं मोडलं. दोन फांद्या नेल्या. यानं तीन आणल्या."

"आजी, एका शब्दात सांगितलं तरी चालेल," साहेब म्हणाले.

"मला नाही चालणार," गोग्गो म्हणाली.

आणि मग ती थांबेचना. एकवीस वर्षांचं साठलेलं बाहेर येत होतं. हे बघा, चौऱ्याऐंशीच्या दुष्काळात विहीर आटली तरी यानं सावली आटू दिली नाही. हे बघा, जूजीच्या लग्नाचे ढोल याच्यापाशी वाजले, तेव्हा हे माझ्या कमरेएवढं होतं आणि तरी माणसासारखं उभं होतं. याला मी शिव्या दिल्या, माझ्या राजा, रोज शिव्या दिल्या, तू ऐकून घेतल्यास. घोडा आहे हा, गोबीरचा घोडा! राजदरबारातला भाट राजाचंही इतकं गुणगान करणार नाही. आवाज चढत गेला. प्रत्येक झाडाला बाया आरोळी देऊ लागल्या, टोळीतल्या कुणीतरी पाण्याचं पिंप उलटं करून त्यावर ताल धरला. जूजी पोरांना पाठीवर आणि कडेवर घेऊन बाहेर आली होती आणि ते गोग्गोनं पाहिलं, आणि तरी बोलत राहिली. साहेबांनी बूट काढले होते. माझा रकाना इतका भरला की मी समासात लिहू लागलो, आणि सांगायला हरकत नाही, अक्षर नीट दिसत नव्हतं, कारण डोळ्यांत पाणी होतं आणि आज वारा नव्हता.

आजारी झाडांशी ती गप्प व्हायची. सुरुवातीला नुसती मान हलवायची, मी समजून लिहायचो. मग एकाशी तिनं स्वतःच सांगितलं, "हे गेलंय." त्यानंतर सगळ्यांचं सांगितलं. दोनशे चोवीस चांगली, एकोणतीस मधली, बासष्ट गेलेली. आणि एक राहिलं.

तीनशे सोळा नंबर, ओळीचं शेवटचं. तोवर ऊन उतरलं होतं. पिंपावरचा ताल आपोआप थांबला.

"हे माझूनं लावलं," ती म्हणाली. "पहिली सगळी मजुरांनी लावली. शेवटचं एक रोप उरलं होतं. त्यानं आणि मी मिळून लावलं."

झाडाला एकही पान नव्हतं. मीच म्हणालो, "उतार आहे, असं लिहू का गोग्गो?" साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

"नाही," ती म्हणाली. "गेलंय. तीन वर्षं झाली. मी रोज त्याला होशील बरं म्हणते. लिही, गेलं."

मी लिहिलं. त्रेसष्ट. शंभरात वीस. साहेबांनी जुन्या यादीवर आडवी रेघ मारली आणि नव्या यादीवर सही केली. गोग्गोनं अंगठा उमटवला. ओळ राहिली.

मग ती मुकादमाकडे वळली. "हे आधी काढ. सरळ आहे, याला वाळवी लागत नाही. जूजीच्या खोलीला आढं होईल."

"आणि या जागी, आजी?"

गोग्गोनं माझ्याकडे बघितलं. "पावसाला ये," ती म्हणाली. "रोप मी देते. खड्डा तू खण."

मी पेनाला टोपण लावलं आणि तिला विचारलं, किती खोल.